गोरा कोणास म्हणावे?

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांनी परदेशाहून येऊन राहिलेल्या मनुष्यास नागरिक करून घेण्याचा आपला पहिला कायदा १७९० साली केला. सर्व मनुष्ये समान निर्माण झाली आहेत, अशी द्वाही जगभर फिरवून त्या राष्ट्रास तेव्हा १४ वर्षे झाली होती. त्या कायद्याने नागरिकत्वाचा दरवाजा कोणास उघडा ठेवला? तर ‘स्वतंत्र गोऱ्या मनुष्यास’. स्वतंत्र म्हणजे दास नव्हे, हे समजण्यास अडचण नव्हती. परंतु गोरा म्हणजे कोण, याची व्याख्या कायदा करणारांनी केली नाही. ती करण्याचे अगत्यच त्यांस वाटले नाही. आरशात पाहिले म्हणजे उत्तर मिळते, अशी त्यांची समजूत असावी. हा एक शब्द अमेरिकेच्या कायद्यात १९५२ पर्यंत, म्हणजे १६२ वर्षे, ठाण मांडून बसला. त्याचा अर्थ लावता लावता तेथील विद्वान न्यायाधीशांची जी तारांबळ उडाली, आणि त्या तारांबळीत कष्टाळू व निरपराध माणसांच्या घरादाराची, जमिनीजुमल्याची व प्रसंगी प्राणाचीही जी हानी झाली, तिची हकीकत आमच्या वाचकांस, विशेषतः ज्यांची मुलेबाळे आज त्या देशी नोकरीधंद्यास आहेत त्यांस, ठाऊक असणे अवश्य आहे. शिवाय या हकीकतीत आपल्याच तोंडास काळे लावणारा एक भाग आहे. तो सहसा कोणी सांगत नाही, म्हणून आम्ही तो मुद्दाम सांगणार आहोत.

१८५७ साली ड्रेड स्कॉट याच्या खटल्यात मुख्य न्यायाधीश टॉनी यांनी असा निकाल दिला की, आफ्रिकी वंशाचा मनुष्य, मग तो गुलाम असो वा मोकळा, अमेरिकेचा नागरिक होऊच शकत नाही. पुढे यादवी युद्ध झाले, गुलामगिरी गेली, आणि १८६८ साली घटनेस चौदावी दुरुस्ती जोडून, अमेरिकेच्या भूमीवर जन्मलेला व तिच्या अधिकाराखालील प्रत्येक मनुष्य नागरिक होय, असे ठरले. दोन वर्षांनी सिनेटर चार्ल्स सम्नर यांनी नागरिकत्वाच्या कायद्यातून ‘गोरा’ हा शब्दच उडवून टाकण्याची सूचना आणली. ती फेटाळली गेली. कारण तसे केल्यास पश्चिम किनाऱ्यावरील चिनी मजूरही नागरिक होतील, ही भीती. मग तडजोड अशी निघाली की, गोऱ्यांचा दरवाजा आहे तसाच राहू द्यावा आणि त्याच्या शेजारी आफ्रिकी वंशाच्या लोकांकरिता दुसरा दरवाजा पाडावा. मधले सारे, म्हणजे चिनी, जपानी, हिंदी, अरब, सीरियन, हे ओसरीवर ताटकळत उभे.

ओसरीवरच्या या मंडळींनी पुढे काय केले, ते मोठे बोधप्रद आहे. वंशावरून नागरिकत्वाचा हक्क ठरविणारे जे ५२ खटले १८७८ पासून १९५२ पर्यंत तेथील न्यायनिवाड्यांच्या ग्रंथांत नोंदले गेले, त्यांपैकी एक सोडून बाकी सर्वांत अर्जदाराचे म्हणणे एकच होते: मी गोरा आहे. दुसऱ्या दरवाजावर थाप मारण्यास कोणी धजेना. याचे कारण शोधण्यास दूर जावयास नको. त्या दरवाजाने आत गेलेल्यास दक्षिणेत आगगाडीच्या निराळ्या डब्यात बसावे लागे, मुले निराळ्या शाळेत घालावी लागत, आणि मत देऊ पाहिल्यास प्रसंग जिवावर बेते. १८९६ साली होमर प्लेसी यांच्या खटल्यात निराळ्या डब्यांचा कायदा सर्वोच्च न्यायालयाने कायम केला; वर असेही सांगितले की, यात काळ्या लोकांस कमीपणा वाटत असेल तर तो त्यांनीच मानून घेतलेला आहे! न्यायमूर्ती हार्लन यांनी एकट्याने विरोध केला. घटनेस रंग दिसत नाही, असे त्यांनी बाणेदारपणे बजावले, व त्याबद्दल त्यांचे नाव आजही आदराने घेतात. ते योग्यच आहे. पण त्याच निकालपत्रात, चिनी लोक इतके निराळे की आम्ही त्यांस नागरिक होऊ देत नाही, असेही त्यांनी जाता जाता लिहून ठेविले आहे. दोन वर्षांनी, सॅन फ्रान्सिस्कोत जन्मलेल्या वोंग किम आर्क या चिनी आईबापांच्या मुलास न्यायालयाने जन्माच्या हक्काने नागरिक ठरविले, तेव्हा त्या निकालाविरुद्ध मत देणाऱ्या दोघा न्यायमूर्तींत हार्लन एक होते. थोर पुरुषाच्या दृष्टीसही एखादा कोपरा दिसत नाही, तो असा.

आता आपल्या लोकांकडे वळू. भिकाजी बलसारा नावाच्या पारशी व्यापाऱ्याचा अर्ज न्यूयॉर्कच्या न्यायालयाने १९०९ साली मान्य केला व पुढील वर्षी तो अपिलातही टिकला. पारशी आज गोरा धरला तर उद्या अफगाण, हिंदू, अरब यांसही गोरे धरावे लागेल, ही शंका न्यायाधीशांनी बोलून दाखविली होती. एका कोर्टात जो गोरा, तो दुसऱ्या कोर्टात गोरा ठरेलच असा नेम नव्हता. १९४२ साली मिशिगनमध्ये एका अरबास गोरा नव्हे म्हणून परत पाठविले. १९४४ साली मॅसॅच्युसेट्समध्ये दुसऱ्या अरबास गोरा म्हणून घेतले. मनुष्याचा रंग दोन वर्षांत पालटत नाही. पालटतो तो न्यायाधीश.

परंतु या गोंधळाचा कळस झाला तो वॉशिंग्टनच्या सर्वोच्च न्यायालयातच, आणि तोही अवघ्या तीन महिने सहा दिवसांच्या अंतराने. ताकाओ ओझावा या जपानी गृहस्थाने अमेरिकेत वीस वर्षे काढली होती, कॅलिफोर्निया विद्यापीठात शिक्षण घेतले होते, घरात मुलांशी तो इंग्रजीच बोले. त्याच्या लायकीविषयी न्यायालयास काडीचीही शंका नव्हती. त्याचे म्हणणे असे की, माझी कातडी कित्येक इटालियन व स्पॅनिश लोकांहून उजळ आहे, मग मी गोरा का नव्हे? १९२२ च्या नोव्हेंबरच्या १३ तारखेस न्यायमूर्ती सदरलँड यांनी निकाल दिला की, कातडीच्या रंगावरून गोरेपण ठरत नाही. गोरा म्हणजे कॉकेशियन वंशाचा, आणि जपानी मनुष्य त्या वंशाचा नव्हे. हे ऐकून भगतसिंग थिंद यांच्या पक्षास हर्ष झाला असल्यास नवल नाही. कारण तत्कालीन वंशशास्त्राच्या ग्रंथांत उत्तर हिंदुस्थानातील लोकांची गणना कॉकेशियन वंशातच केलेली होती. १९२३ च्या फेब्रुवारीच्या १९ तारखेस त्यांचा निकाल लागला. न्यायमूर्ती तेच, सदरलँड. त्यांनी आता सांगितले की, शास्त्रज्ञांचे वर्गीकरण आम्हांस मान्य नाही. गोरा म्हणजे ज्यास साधारण मनुष्य गोरा समजतो तो, आणि साधारण अमेरिकन मनुष्य हिंदी मनुष्यास गोरा समजत नाही. निकालाविरुद्ध एकाही न्यायमूर्तीचे मत पडले नाही. स्वतः सदरलँड हे इंग्लंडात जन्मून लहानपणी आईबापांबरोबर अमेरिकेत आलेले. त्यांस हा प्रश्न कोणी कधी विचारला नव्हता.

आमच्या व्यापारी वाचकांस ही युक्ती नवी वाटणार नाही. घेण्याचे माप एक आणि देण्याचे एक, असे दुकान प्रत्येक पेठेत एखादे असतेच. जपानी गिऱ्हाइक रंग दाखवू लागला तेव्हा शास्त्राचे माप काढले. हिंदी गिऱ्हाइक शास्त्र दाखवू लागला तेव्हा ते माप फडताळात ठेवून लोकसमजुतीचे माप काढले. माल कोणास द्यावयाचा नाही, हे आधी ठरलेले होते. आणि यात श्रेष्ठकनिष्ठतेचा प्रश्न नसून केवळ भेदाचा आहे, असे आश्वासन देण्यास न्यायमूर्ती चुकले नाहीत. प्लेसीच्या निकालातली ती जुनीच साखर.

थिंद हे पंजाबातील शीख. १९१३ साली ते अमेरिकेस गेले, ऑरेगॉन संस्थानात लाकडाच्या गिरण्यांत त्यांनी काम केले, आणि १९१८ साली महायुद्धात अमेरिकेच्या सैन्यात दाखल होऊन सन्मानाने निरोप घेतला. त्याच डिसेंबरात वॉशिंग्टन संस्थानात त्यांस नागरिकत्व मिळाले, व चारच दिवसांनी काढून घेतले गेले. १९२० साली ऑरेगॉनमध्ये न्यायाधीश वोल्व्हर्टन यांनी ते पुन्हा दिले. सरकारी अधिकाऱ्याचा आक्षेप केवळ वर्णाचा नव्हता. थिंद यांचे गदर पक्षाच्या मंडळींशी दळणवळण आहे, हेही त्याने पुढे आणले होते. हिंदुस्थानच्या स्वातंत्र्याची भाषा बोलणारा मनुष्य इंग्रजांच्या मित्रराष्ट्रास नकोसा होता. कायद्याच्या पोटात राजकारण कसे शिरते, याचा हा मासला. आक्षेप राजकीय, वोल्व्हर्टन यांनी तो मानला नाही, मग वंशाचा मुद्दा घेऊन सरकार वर गेले, व तेथे जिंकले.

येथवर वाचून आमच्या वाचकांचे रक्त तापले असेल. ते थोडे निवू द्यावे, कारण आता पुढचा भाग आहे. थिंद यांच्या बाजूची जी कैफियत सर्वोच्च न्यायालयापुढे गेली, तीत काय होते? ज्या पंथाच्या गुरूंनी जातिभेदाचा निषेध केला त्या पंथाचा हा मनुष्य, ‘उच्च जातीचा हिंदू’ म्हणून उभा करण्यात आला. आम्ही आर्य आहोत. आमच्यात जातीचे बंधन इतके कडक की आमचे रक्त मिसळलेले नाही. आणि अमेरिकेतील गोरा मनुष्य निग्रोकडे ज्या दृष्टीने पाहतो त्याच दृष्टीने उच्च जातीचा हिंदू आपल्याकडील मूळच्या रहिवाशांकडे पाहतो, असा त्या कैफियतीचा आशय होता. म्हणजे, आम्हांस तुमच्या पंगतीस बसू द्या. कारण आम्हीही आमच्या घरी इतरांस पंगतीवरून उठवितो! न्यायाच्या दारी उभे राहून अन्यायाचाच दाखला लायकी म्हणून दाखविण्याचा याहून खेदकारक प्रकार आम्हांस आठवत नाही. तो दाखला कामासही आला नाही. जातिबंधने असली तरी रक्त मिसळल्यावाचून राहिले नाही, एवढे सांगून न्यायमूर्तींनी तो बाजूस सारला.

कोणी म्हणेल, बुडत्याने काडीचा आधार घेतला, त्यास इतका दोष का द्यावा? वकिलास कायद्यात जो शब्द आहे त्याच्यातूनच वाट काढावी लागते, आणि कायद्यात शब्द ‘गोरा’ हाच होता. हे म्हणणे अगदीच टाकाऊ नाही. थिंद यांचे मागणे न्याय्य होते व त्यांस ते नाकारण्यात अन्याय झाला, याविषयी आमच्या मनात संदेह नाही. पण गोरा असण्याचा हक्क सांगणे वेगळे, आणि दुसऱ्यास तुच्छ लेखण्याची आपली शक्ती पुरावा म्हणून हजर करणे वेगळे. या निकालाच्या बरोबर ५० वर्षे आधी, १८७३ साली, पुण्यास जोतीराव फुले यांनी ‘गुलामगिरी’ हे पुस्तक प्रसिद्ध केले आणि ते अमेरिकेतील ज्या सज्जनांनी निग्रो लोकांस दास्यातून सोडविले त्यांस अर्पण केले. आपल्या देशबांधवांनी त्यांचा कित्ता घेऊन शूद्र बंधूंस दास्यमुक्त करावे, ही आशा त्या अर्पणपत्रिकेत होती. आणि ज्या १९१३ साली थिंद अमेरिकेस गेले, त्याच साली भीमराव आंबेडकर न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात शिकावयास गेले. तेच आंबेडकर १९४६ साली निग्रोंचे पुढारी डब्ल्यू. ई. बी. ड्यूबॉइस यांस पत्र लिहून, अस्पृश्यांची व निग्रोंची स्थिती इतकी सारखी आहे की त्यांच्या लढ्याचा अभ्यास अवश्य वाटतो, असे कळविते झाले. एकाच समुद्रापलीकडे पाहणारे हे दोन डोळे. एकास तेथे गुलामाची सुटका दिसली, दुसऱ्यास मालकाची खुर्ची.

निकालाचे परिणाम कागदावर राहिले नाहीत. कॅलिफोर्नियात १९१३ व १९२० चे असे कायदे होते की, जो नागरिक होण्यास अपात्र तो शेतजमीन बाळगू शकत नाही. त्यांत वंशाचे नाव कोठेही नव्हते; कायदा दिसावयास निष्पक्षपाती. पण अपात्र कोण, हे दुसऱ्या कायद्याने ठरे, आणि तो वंशावरच ठरवी. एका हाताने गाठ मारावयाची व दुसऱ्या हाताने दोरी ओढावयाची, असा तो प्रकार. थिंद यांच्या निकालानंतर तेथील सरकारी वकिलांनी हिंदी शेतकऱ्यांवर हे कायदे चालविण्याची तयारी केली. ज्या पंजाबी लोकांनी ओसाड रानात पाणी खेळवून पिके काढली होती, त्यांस दुसऱ्यांच्या नावाआड दडावे लागले. बायकांची गोष्ट त्याहून विलक्षण. नागरिकत्वास अपात्र अशा पुरुषाशी लग्न करणारी अमेरिकन स्त्री, तिच्या सात पिढ्या तेथे गेलेल्या असल्या तरी, आपले नागरिकत्व गमावी. हे कलम १९३१ पर्यंत टिकले.

ज्यांस पूर्वी रीतसर सनदा मिळाल्या होत्या त्यांच्याही सनदा रद्द करण्यास सरकारने आरंभ केला. वैष्णोदास बगाई हे पेशावरचे सधन गृहस्थ. १९१५ साली पत्नी कलाबाई व तीन मुलांसह ते सॅन फ्रान्सिस्कोस आले, तेथे दुकान काढले, १९२१ साली नागरिक झाले. बर्कलीत घर घेतले तर शेजाऱ्यांनी त्यांस आत शिरता येऊ नये म्हणून ते घर बंद करून ठेविले. पुढे सनद गेली, दुकान गेले. मायदेशी जाऊन येण्यास अमेरिकेने परवाना दिला नाही. ज्या इंग्रज सरकारचे जोखड मानेवरून काढण्यासाठी देश सोडला, त्याच सरकारचा परवाना घ्यावा, असे सांगण्यात आले. १९२८ साली त्यांनी आत्महत्या केली व आपले कारण एका वर्तमानपत्रास लिहून ठेविले. हे सर्व होत असता एकही कायदा मोडला गेला नाही. प्रत्येक पायरी कायदेशीर होती.

या अंधारात एक गृहस्थ मात्र जिंकले. सखाराम गणेश पंडित. जन्म अहमदाबादेचा, पण नाव आपल्या कानांस घरचे वाटावे असे. १९१४ साली ते अमेरिकेचे नागरिक झाले, पुढे कॅलिफोर्नियात वकिली करू लागले, आणि थिंद यांच्या वकिलांत ते एक होते. सरकार त्यांच्याही सनदेवर उठले. तेव्हा त्यांस जय मिळाला तो आर्यत्वाच्या बळावर नव्हे. मी गोरा आहे की नाही हा वाद १९१४ साली तुमच्याच न्यायालयापुढे झाला, सरकारने तेव्हा अपील केले नाही. त्या निकालावर विसंबून मी धंदा उभारला, लग्न केले, संसार मांडला. आता तो जुना हिशेब पुन्हा उघडता येणार नाही, असा तो मुद्दा होता. एकदा निकालात निघालेली बाब पुन्हा उकरता येत नाही, हे तत्त्व अपील कोर्टाने १९२६ साली मान्य केले, सर्वोच्च न्यायालयाने १९२७ साली त्यात हात घालण्याचे नाकारले, आणि मग उरलेल्या हिंदी लोकांवरील असे खटले सरकारने सोडून दिले. लेखी व्यवहाराचा विश्वास राखला पाहिजे, हे बाजारातील साधे तत्त्व. वंशाच्या पोथ्या जेथे हरल्या तेथे ते उपयोगी पडले.

प्रत्येक राष्ट्रास आपले नागरिक निवडण्याचा अधिकार आहे, हा आक्षेप येथे घेतला जाईल. अधिकार आहेच. पण निवड कशावरून करावयाची, हे सांगताना तोंडाने एक व मनात दुसरे असे चालत नाही. अमेरिकेने ही निवड पुढे बदलली, तीही निव्वळ सद्बुद्धीने नव्हे. १९४३ साली चीन युद्धातील मित्र झाला, तेव्हा चिन्यांस दार उघडले. १९४६ साली हिंदुस्थान स्वतंत्र होणार हे दिसू लागले, तेव्हा हिंदी लोकांस नागरिक होण्याची मुभा मिळाली, व वर्षास १०० माणसांनी यावे अशी उदार परवानगीही! वंशाची अट सर्वस्वी गेली ती १९५२ साली; राष्ट्रवार वाटण्या गेल्या १९६५ साली, आणि त्या कायद्यामागे निग्रो समाजाच्या नागरी हक्कांच्या चळवळीचे बळ होते. ज्यांच्या दरवाजाने जाण्यास आपले लोक लाजत होते, त्यांच्या लढ्याने मोठा दरवाजा उघडला. पुण्यामुंबईहून गेलेल्या आजच्या हजारो कुटुंबांपैकी कितीजणांस हे ठाऊक आहे?

प्रश्न जुना झाला, असेही कोणी समजू नये. २० जानेवारी २०२५ रोजी अध्यक्ष ट्रम्प यांनी अशी आज्ञा काढली की, आई तात्पुरत्या परवान्यावर किंवा परवान्यावाचून राहत असेल व बाप नागरिक अगर कायमचा रहिवासी नसेल, तर अमेरिकेत जन्मलेले त्यांचे मूल नागरिक धरू नये. न्यायालयांनी तिची अंमलबजावणी त्या वर्षी रोखली, आणि १८९८ सालचा वोंग किम आर्कचा निकाल वकिलांच्या टेबलावर पुन्हा आला. नोकरीच्या मुदतबंद परवान्यावर गेलेल्या आपल्या अभियंत्यांची मुले ज्या हक्काने नागरिक झाली, तो हक्क एका चिनी स्वयंपाक्याने मिळवून दिला आहे.

आणि ती जातीची कैफियत? थिंद यांच्या निकालास १०० वर्षे पुरी झाली त्याच महिन्यात, फेब्रुवारी २०२३ मध्ये, सिअ‍ॅटल शहराच्या नगरसभेने जातीवरून भेदभाव करण्यास बंदी घालणारा कायदा संमत केला. अमेरिकेतील शहरांत तो पहिला, आणि तो मांडणाऱ्या सभासद क्षमा सावंत या जन्माने पुण्याच्या. ज्या वॉशिंग्टन संस्थानात थिंद यांस चार दिवसांचे नागरिकत्व मिळाले, त्यातलेच हे शहर. कॅलिफोर्नियातही तसे विधेयक विधिमंडळात संमत झाले. पण चालू कायदे पुरेसे आहेत असे म्हणून गव्हर्नर न्यूसम यांनी ऑक्टोबर २०२३ मध्ये ते नामंजूर केले. दोन्ही ठिकाणी विरोध करण्यात आपलेच लोक पुढे होते. या कायद्यांनी आमची विनाकारण बदनामी होते, असे त्यांचे म्हणणे पडले. त्यांस आम्ही एवढेच सुचवितो की, १९२३ साली उच्च जातीच्या नावाने जी कैफियत वॉशिंग्टनच्या सर्वोच्च न्यायालयात दाखल झाली, ती त्यांनी एकदा मागवून वाचावी.